सूक्ष्मदर्शकाची साक्ष



इतिहास म्हटला म्हणजे लढाया, तह आणि राजवटी, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. आज ज्या इतिहासाकडे आम्ही आपले लक्ष वेधणार आहोत त्यातही एक बादशहा आहे, राजवैद्यांची भांडणे आहेत आणि दोन राष्ट्रांची ईर्ष्याही आहे. परंतु त्यातली रणभूमी मात्र वाटाण्याच्या दाण्याहून लहान आहे. माणसाच्या शरीरातून काढलेला एक तुकडा, त्याचा केसाहूनही कितीतरी पातळ असा काप, तो काचेच्या पट्टीवर ठेवून सूक्ष्मदर्शक यंत्रातून पाहणारा एक मनुष्य आणि त्याने लिहिलेल्या दोन ओळी, एवढाच हा सारा मामला. पण त्या दोन ओळींवर कोणाचा जबडा काढायचा, कोणाचा स्तन ठेवायचा आणि कोणाला निर्धास्तपणे घरी पाठवायचे, हे ठरत असते.

‘गाठीचा तुकडा तपासायला पाठवला आहे,’ हे वाक्य आज बहुतेक घरांच्या परिचयाचे झाले आहे. निकाल येईपर्यंतचे ते चार-सहा दिवस कसे जातात हे ज्यांनी ते काढले त्यांनाच ठाऊक. या तपासणीविषयी आपली कल्पना साधारणपणे अशी असते की, सोनाराने सोने कसोटीवर घासावे आणि कस सांगावा, तसे यंत्राने गाठ पाहावी आणि ‘कर्करोग आहे’ किंवा ‘नाही’ असे सांगावे. वस्तुतः यंत्र काहीच सांगत नाही. यंत्र दाखवते, सांगतो तो माणूस. यंत्र हा साक्षीदार आहे, न्यायाधीश नव्हे, आणि या साक्षीदाराची साक्ष कोठवर धरावी व कोठे थांबावे, हे ठरवण्यात वैद्यकाची पावणेदोनशे वर्षे गेली आहेत. ती कथा आज थोडक्यात सांगण्याचा आमचा विचार आहे.

गाठींचे ज्ञान माणसाला फार जुने. सुश्रुताने ‘अर्बुद’ या नावाने त्यांचे वर्णन केले आहे. ग्रीक वैद्यांना काही गाठींचा कठीणपणा व भोवती पसरलेल्या शिरा पाहून खेकड्याची आठवण झाली आणि त्यावरून पुढे आपल्याकडेही ‘कर्करोग’ हा शब्द रूढ झाला. तथापि हे सारे ज्ञान डोळ्यांचे आणि बोटांचे. जी गाठ वाढून फुटली, पसरली, मनुष्याला घेऊन गेली, ती घातक. जी तशीच राहिली ती सौम्य. म्हणजे गाठीचे नाव रोग्याच्या मरणानंतर निश्चित होई. आधी कळावे तर गाठीच्या आत डोकावणे भाग होते.

डोकावण्याचे साधन सतराव्या शतकातच तयार झाले होते. डेल्फ्ट गावच्या लेव्हेनहूक या कापडाच्या व्यापाऱ्याने भिंगातून रक्तपेशी व सूक्ष्म जीव पाहिले. परंतु त्यानंतर दीड शतक वैद्यकाने या यंत्राकडे फारसे लक्ष दिले नाही, आणि त्याला कारणही होते. त्या काळच्या संयुक्त भिंगांतून वस्तूंच्या कडांना रंगीत किनार दिसे आणि नसलेल्या गोष्टीही दिसत. शरीराच्या ऊतकांचे शास्त्र ज्याने उभे केले त्या फ्रान्समधील बिशा याचाही सूक्ष्मदर्शकावर विश्वास नव्हता. १८३० साली जोसेफ जॅक्सन लिस्टर या लंडनच्या मद्याच्या व्यापाऱ्याने भिंगांच्या जोडणीचे तत्त्व प्रसिद्ध करून हा दोष दूर केला. त्यानंतर आठच वर्षांनी, १८३८ साली, बर्लिनच्या योहानेस म्यूलरने गाठींच्या सूक्ष्म रचनेवरील आपला ग्रंथ काढला, आणि गाठीही पेशींच्याच बनलेल्या असतात हे प्रथम स्पष्ट झाले.

येथे पहिला उत्साह आणि पहिला भ्रम एकदमच जन्मास आले. पॅरिसमध्ये काम करणाऱ्या हेरमान लेबर्टने १८४५ च्या सुमारास असे प्रतिपादन केले की, कर्करोगाची म्हणून एक विशिष्ट पेशी असते. तिचे केंद्रक मोठे असते आणि ती दिसली की निदान झाले. किती सोयीची गोष्ट! परंतु अनुभवी शल्यवैद्य व्हेल्पो याला हे मान्य नव्हते. यंत्रवाल्यांनी ‘कर्करोग नाही’ म्हणून सोडलेल्या गाठी पुन्हा उगवतात आणि रोग्याला मारतात, हे त्याने शस्त्रक्रियेच्या मेजावर पाहिले होते. १८५४-५५ मध्ये पॅरिसच्या वैद्यक अकादमीत या प्रश्नावर मोठा वाद झाला. आज मागे वळून पाहता, यंत्र निरुपयोगी आहे असे म्हणणारे चुकले हे उघड आहे. परंतु एका पेशीवरून निकाल देता येतो असे म्हणणारेही चुकले होते.

ते का चुकले, हे म्यूलरचाच शिष्य रूडॉल्फ फिर्खो याने दाखवले. प्रत्येक पेशी दुसऱ्या पेशीपासूनच जन्मते, हे त्याचे सूत्र १८५५ चे. आणि १८५८ साली बर्लिनमध्ये दिलेल्या वीस व्याख्यानांच्या पुस्तकातून ते जगभर गेले. या सूत्राचा गाठींच्या बाबतीत अर्थ काय? कर्करोगाची पेशी ही बाहेरून आलेली परकी पेशी नव्हे. ती आपल्याच त्वचेची, आपल्याच स्तनाची, आपल्याच घशाची पेशी आहे. फक्त तिने घरची शिस्त सोडली आहे. चोर बाहेरचा असता तर चेहऱ्यावरून ओळखता आला असता. तो घरचाच, म्हणून चेहरेपट्टी घरच्यांसारखीच. फरक असतो तो प्रमाणाचा: केंद्रक थोडे मोठे, आकार थोडे बेढब, विभाजन थोडे अधिक. ‘थोडे’ किती झाले म्हणजे ‘फार’ झाले, हा प्रश्न फिर्खोच्या सूत्रातच दडलेला होता आणि तो आजही संपलेला नाही. खुद्द फिर्खोही अस्खलित नव्हता. कर्करोग संयोजी ऊतकातून उपजतो असे तो मानी. त्वचेच्या व इंद्रियांच्या अस्तरपेशींतून तो उपजतो हे १८६० नंतरच्या दशकात थीर्श आणि वाल्डायर यांनी सिद्ध केले. तरीसुद्धा १८८७ साली युरोपात या विषयात फिर्खोच्या शब्दापुढे शब्द नव्हता. आणि त्याच वर्षी त्याच्यापुढे एक तुकडा आला.

जर्मनीचा युवराज फ्रेडरिक याचा आवाज १८८७ च्या जानेवारीत बसला. युवराज पंचावन्न वर्षांचा, पिता बादशहा पहिला विल्हेल्म नव्वदीला पोचलेला, आणि उदारमतवादी जर्मनांचे सारे डोळे या युवराजाकडे लागलेले. त्याची पत्नी ही इंग्लंडच्या व्हिक्टोरिया राणीची थोरली कन्या. मार्चमध्ये बर्लिनच्या प्राध्यापक गेरहार्टला युवराजाच्या डाव्या स्वरतंतूवर एक लहानशी वाढ दिसली. ती त्याने तापलेल्या तारेने जाळून पाहिली. पण मे महिन्यात ती पुन्हा उगवली. शल्यवैद्य बेर्गमान याला कर्करोगाचा संशय आला. बाहेरून स्वरयंत्र उघडून ती वाढ काढून टाकावी, असा सल्ला देऊन त्याने शस्त्रक्रियेची तयारीही केली. अशा वेळी घशाच्या रोगांतील त्या काळचा नामांकित तज्ज्ञ म्हणून लंडनहून मोरेल मॅकेंझी याला बोलावण्यात आले.

मॅकेंझीने एक अट घातली. सूक्ष्मदर्शकाखाली कर्करोग सिद्ध झाल्याखेरीज एवढी मोठी शस्त्रक्रिया करू नये. ही अट वाईट होती काय? मुळीच नाही, आज कोणत्याही चांगल्या रुग्णालयात हाच नियम आहे. मे आणि जून महिन्यांत मॅकेंझीने तोंडातून चिमटा घालून युवराजाच्या स्वरतंतूवरील वाढीचे बारीक तुकडे काढले आणि ते फिर्खोकडे पाठवले. पहिला तुकडा तर निदानाला अपुराच होता. पुढच्या तुकड्यांत फिर्खोला वरच्या थराची चामखिळीसारखी जाड वाढ दिसली. कर्करोग दिसला नाही. तसे त्याने लिहिले. पण आणखी एक गोष्ट त्याने लिहिली, आणि आमच्या मते या साऱ्या प्रकरणातली ती सर्वांत मोलाची ओळ होय. काढलेल्या भागापुरते पाहता मत अनुकूल आहे. परंतु संपूर्ण रोगाविषयी तसेच मत देता येईल की नाही, हे या तुकड्यांवरून खात्रीने सांगता येत नाही, असा त्या ओळीचा आशय होता.

अहवालाचा पहिला भाग सर्वांनी ऐकला. दुसरा कोणी ऐकला नाही. बर्लिनच्या वैद्यांच्या तोंडाला कुलूप पडले. युवराज जूनमध्ये आपल्या सासूच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवाला लंडनला जाऊन आला आणि सप्टेंबरमध्ये मॅकेंझीला ‘सर’ ही पदवी मिळाली. नोव्हेंबरमध्ये इटलीतील सान रेमो येथे मात्र घशात नवी वाढ दिसली आणि मॅकेंझीलाही ती घातक असल्याचे कबूल करावे लागले. संपूर्ण स्वरयंत्र काढून टाकण्याच्या शस्त्रक्रियेस युवराजाने नकार दिला. १८८८ च्या ९ फेब्रुवारीला श्वासासाठी गळ्याला छिद्र पाडावे लागले. ९ मार्चला पिता वारला आणि आवाज गमावलेला हा मनुष्य बादशहा झाला. ९९ दिवस राज्य करून १५ जूनला तो मरण पावला. शवपरीक्षेच्या मेजाशी फिर्खो स्वतः होता, आणि स्वरयंत्राचा कर्करोग त्याला स्वतःच्या डोळ्यांनी पाहावा लागला.

फ्रेडरिकच्या जागी दुसरा विल्हेल्म आला, आणि पुढे १९१४ साल उजाडले. बाप जगता तर युरोपचा इतिहास निराळा झाला असता काय, यावर इतिहासकारांनी पुष्कळ शाई खर्च केली आहे. बेर्गमानची शस्त्रक्रिया झाली असती तर तो जगला असता, हेही छातीठोकपणे म्हणता येणार नाही. त्या काळी अशा शस्त्रक्रियांतून उठणे हेच कठीण होते. तो वाद आम्ही येथे सोडून देतो. आमचा प्रश्न एवढाच की, जगातल्या पहिल्या क्रमांकाच्या डोळ्याला ते का दिसले नाही?

याचे पहिले उत्तर अगदी साधे आहे: जे काचेखाली नव्हते ते दिसणार कसे? आपण शितावरून भाताची परीक्षा करतो, कारण एका भांड्यातला भात सगळीकडे सारखाच शिजतो. गाठीचे तसे नाही. तिची एक बाजू शिजलेली तर दुसरी कच्ची. एखाद्या गावची आणेवारी काढताना बांधाजवळचे चार हात पीक कापले तर आतल्या शेताची कळा कशी कळणार? आज तुकड्याचा काप साधारण ३ ते ५ मायक्रॉन जाडीचा असतो. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. एक सेंटिमीटरच्या गाठीचे ४ मायक्रॉनचे सलग काप करायचे म्हटले तर ते अडीच हजार होतील. त्यांतले प्रत्यक्षात पाहिले जातात ते मोजकेच. म्हणून ‘या तुकड्यात कर्करोग आढळला नाही’ आणि ‘कर्करोग नाही’ ही दोन वाक्ये एक नव्हेत. फिर्खोला हा फरक ठाऊक होता. दरबाराला ठाऊक नव्हता.

दुसरे उत्तर अधिक सूक्ष्म आहे, आणि त्याचा धागा थेट आपल्या मुंबईपर्यंत येतो. १९४८ साली अमेरिकेतील लॉरेन अॅकरमन याने तोंडात होणाऱ्या एका विशिष्ट प्रकारच्या कर्करोगाचे वर्णन केले. हा चामखिळीसारखा किंवा फुलकोबीच्या गड्ड्यासारखा वाढतो. त्याच्या पेशी इतक्या शिस्तशीर आणि सभ्य दिसतात की वरवरचा तुकडा पाहून कोणीही ‘निरुपद्रवी जाड वाढ’ असेच म्हणेल. तो ओळखायचा तर बुडापर्यंतचा खोल तुकडा हवा. कारण त्याचा अपराध पेशींच्या चेहऱ्यात नसून खालच्या ऊतकाला रेटत जाण्यात असतो. फ्रेडरिकचा रोग बहुधा याच जातीचा किंवा या जातीचे मिश्रण असलेला होता, असे मत आधुनिक काळातील काही विकृतिशास्त्रज्ञांनी उपलब्ध पुराव्याचा पुन्हा विचार करून मांडले आहे. तसे असेल तर फिर्खोने जे पाहिले ते अचूकच पाहिले. फक्त जे पाहिले त्याचा अर्थ लावायला लागणारे ज्ञान अजून साठ वर्षे दूर होते.

आता हा रोग होतो कोणाला? पुष्कळदा तंबाखू चघळणाऱ्याला. २८ फेब्रुवारी १९४१ रोजी परळ येथे टाटा स्मारक रुग्णालय सुरू झाले, तेव्हा तेथील प्रयोगशाळांची धुरा डॉ. वसंत रामजी खानोलकर यांच्याकडे आली. आपल्या देशात विकृतिशास्त्राला आणि कर्करोगाच्या संशोधनाला पाया घालून देणाऱ्यांत त्यांचे नाव अग्रभागी घ्यावे लागते. मुंबईतील तोंडाच्या कर्करोगाच्या लागोपाठच्या १००० रोग्यांचा आढावा त्यांनी १९४४ सालीच प्रसिद्ध केला होता. गालात तंबाखू-चुन्याची गोळी धरणारा गिरणी कामगार आणि बर्लिनचा बादशहा यांच्यात साम्य ते काय? परंतु काचेखालचा पेच दोघांचाही एकच: वरून घेतलेला सभ्य दिसणारा तुकडा आणि खाली चाललेले पोखरण. म्हणून आजही तोंडातील अशा वाढीचा पहिला अहवाल ‘निर्दोष’ आला आणि वैद्याला डोळ्यांनी मात्र संशय वाटत असला, तर शहाणा वैद्य दुसरा, अधिक खोल तुकडा मागतो. रोग्याने त्याचा कंटाळा करू नये.

योगायोग असा की, त्याच १९४८ साली न्यूयॉर्कच्या सोफी स्पिट्झ या विदुषीने नेमकी उलटी गोष्ट दाखवून दिली. मुलांच्या त्वचेवरील काही गाठी सूक्ष्मदर्शकाखाली इतक्या भयंकर दिसत की मेलॅनोमा या अत्यंत घातक कर्करोगातच त्यांची गणना होई. परंतु ही मुले बहुतेक सारी जगली, वाढली, संसाराला लागली! आज या गाठींना ‘स्पिट्झचे तीळ’ म्हणतात आणि त्या सौम्य मानल्या जातात. परंतु त्यांतला एखादा खरोखरच मेलॅनोमा निघतो, आणि दोहोंमधल्या सीमेवरच्या गाठींपुढे आजचे मोठमोठे तज्ज्ञही थबकतात. म्हणजे एकीकडे साधूच्या वेषातला चोर आणि दुसरीकडे चोराच्या वेषातला साधू! गळ्यातील थायरॉइड ग्रंथीची तर आणखी तिसरीच तऱ्हा. तेथील एका जातीच्या गाठीत पेशींच्या चेहऱ्यावरून काहीच ठरत नाही. गाठीचे वेष्टन फोडून किंवा रक्तवाहिनीत शिरून पेशी बाहेर पडल्या आहेत काय, एवढ्यावर सारा निर्णय. त्यासाठी वेष्टनाचा काठ चहूबाजूंनी तपासावा लागतो.

येथवर ‘आहे की नाही’ याचा विचार झाला. परंतु कर्करोग आहे असे ठरले तरी प्रश्न संपत नाही. काही कर्करोग दहा वर्षे गप्प बसतात, काही दहा महिन्यांत घर धुऊन नेतात. हे आधी कळेल काय? फिर्खोच्याच संस्थेत काम करणाऱ्या हान्झेमानने १८९० साली असे दाखवले की, घातक पेशी आपल्या मूळ स्वरूपापासून दूर जात असतात. जितकी अधिक दूर, तितकी अधिक दांडगी, या विचारातून प्रतवारीची कल्पना निघाली. अमेरिकेतील मेयो क्लिनिकच्या अल्बर्ट ब्रॉडर्सने १९२० साली ओठाच्या कर्करोगाच्या ५३७ रोग्यांची चार प्रतींत विभागणी केली. पेशींचा किती हिस्सा अजून मूळच्या वळणावर आहे, हे त्याचे माप. वरच्या प्रतीचे रोगी अधिक मेले, आणि प्रतवारी म्हणजे केवळ कल्पनेचा खेळ नव्हे हे सिद्ध झाले.

पण बाजारात कापसाची प्रतवारी करणाऱ्या दोन दलालांचे जसे नेहमी एकमत होत नाही, तसेच येथेही झाले. मग मोजमाप अधिक काटेकोर करण्याचे प्रयत्न सुरू झाले. स्तनाच्या कर्करोगासाठी लंडनमध्ये ब्लूम व रिचर्डसन यांनी १९५७ साली तीन गोष्टींना गुण देण्याची पद्धत रूढ केली: पेशी नळ्यांच्या आकारात किती मांडल्या आहेत, केंद्रके किती बेढब आहेत आणि विभाजने किती दिसतात. प्रत्येकाला १ ते ३ गुण. बेरीज ३ ते ५ आली तर पहिली प्रत, ६ किंवा ७ आली तर दुसरी, ८ किंवा ९ आली तर तिसरी. १९९१ साली नॉटिंगहॅमच्या एल्स्टन व एलिस यांनी या गुणांचे निकष अधिक नेमके केले. उदाहरणार्थ, गाठीचा ७५ टक्क्यांहून अधिक भाग नळ्यांचा असेल तर १ गुण, १० टक्क्यांहून कमी असेल तर ३. ही पद्धत आज जगभर चालते. पुरःस्थ ग्रंथीच्या कर्करोगासाठी अमेरिकेतील डोनाल्ड ग्लीसन याने १९६६ साली निराळीच युक्ती काढली. त्याने एकेका पेशीकडे न पाहता पेशींच्या मांडणीकडे पाहिले, पाच नमुने ठरवले आणि सर्वांत अधिक दिसणाऱ्या दोन नमुन्यांची बेरीज केली.

आकडे आले म्हणजे वाद मिटला असे आपल्याला वाटते. पण आकड्यांच्याही खोडी असतात. ग्लीसनच्या पद्धतीत ३ आणि ४ मिळून ७, आणि ४ आणि ३ मिळूनही ७. परंतु पहिल्यात सौम्य नमुना अधिक, दुसऱ्यात दांडगा अधिक. दोन्ही सातांचे भवितव्य सारखे नाही. शिवाय कर्करोगाला प्रत्यक्षात ६ हून कमी गुण क्वचितच मिळतात, त्यामुळे दहापैकी सहा ऐकणारा रोगी मधल्या पायरीवर आहोत असे समजून हादरतो; खरे पाहता ती सर्वांत खालची पायरी. म्हणून २०१४ साली तज्ज्ञांनी एकत्र येऊन १ ते ५ असे सरळ गट ठरवले.

विभाजने मोजण्याचीही अशीच गंमत. जुन्या पुस्तकांत ‘यंत्राच्या दहा दृष्टिक्षेत्रांत इतकी विभाजने’ असा हिशेब असे. परंतु प्रत्येक यंत्राचे क्षेत्र सारखे नसते. एकाचा व्यास ०.४ मिलिमीटर आणि दुसऱ्याचा ०.६ असला, तर दुसऱ्यात सव्वादोन पट जागा दिसते. पायलीचे मापच दोन दुकानांत निरनिराळे असावे, तशातला हा प्रकार! म्हणून आता हिशेब चौरस मिलिमीटरवर होऊ लागला आहे. त्यातही, मरू घातलेल्या पेशीचे आक्रसलेले केंद्रक विभाजनासारखे भासते. आणि तुकडा वेळेवर फॉर्मॅलिनमध्ये पडला नाही तर खरी विभाजनेही पुसट होतात. फॉर्मॅलिनचा हा गुण फर्डिनांड ब्लूम या जर्मन वैद्याने १८९३ साली टिपला; तुकड्याच्या सुमारे दहापट फॉर्मॅलिन असावे असा संकेत आहे. आपल्या उन्हाळ्यात लहानशा बाटलीत कोंबलेला तुकडा किंवा नुसत्या पाण्यात टाकलेला तुकडा प्रयोगशाळेत पोचेपर्यंत नासून जातो, आणि मग जगातला कोणताही डोळा त्यातून सत्य काढू शकत नाही.

एवढी साधने, एवढे निकष. तरी माणसामाणसांत मतभेद किती राहतात? २०१५ साली अमेरिकेत याची एक मोठी परीक्षा प्रसिद्ध झाली. ११५ विकृतिशास्त्रज्ञांना स्तनाच्या तुकड्यांच्या प्रत्येकी ६० काचपट्ट्या देण्यात आल्या आणि त्यांची उत्तरे तीन तज्ज्ञांच्या एकमताशी ताडून पाहिली. पसरणाऱ्या कर्करोगाच्या बाबतीत ९६ टक्के उत्तरे जुळली. हा आकडा आपल्याला धीर देणारा आहे आणि तो विसरू नये. परंतु सौम्य व घातक यांच्या मधल्या, ‘विचित्र पण अजून कर्करोग नव्हे’ अशा पायरीवर जुळलेली उत्तरे निघाली अवघी ४८ टक्के. म्हणजे दिवस आणि रात्र सर्वांना कळतात. वाद होतो तो तिन्हीसांजेचा. हा दोष आळसाचा किंवा अज्ञानाचा नव्हे. निसर्गाने जेथे रेघ ओढलेली नाही तेथे माणसाला ती ओढावी लागते, म्हणून हे होते.

आणि रेघ ओढणारा माणूस ती सरकवूही शकतो. थायरॉइडच्या एका वेष्टनबंद गाठीला पूर्वी कर्करोग म्हणत. वर्षानुवर्षे रोग्यांचा मागोवा घेतल्यावर ती जवळजवळ कोणालाच अपाय करीत नाही असे दिसले, आणि २०१६ साली तज्ज्ञांनी तिच्या नावातून ‘कर्करोग’ हा शब्दच काढून टाकला. एक शब्द गेला. पण त्याबरोबर कित्येकांची पुढची शस्त्रक्रिया, किरणोत्सर्गी औषध आणि जन्माची धास्तीही गेली.

गेल्या काही दशकांत या कामी नवी मदत आली आहे. विशिष्ट प्रथिनांना चिकटणारी प्रतिद्रव्ये लावून पेशीचे कूळ ओळखता येते. जनुकांतील बदल वाचता येतात. काचपट्टीचे चित्र संगणकावर घेऊन दूरच्या तज्ज्ञाला क्षणात दाखवता येते, आणि खुद्द संगणकालाही प्रतवारी शिकवण्यात येत आहे. या सर्वांचे आम्ही मनापासून स्वागत करतो. परंतु एवढे ध्यानात असावे की, संगणकाला शिकवले जाते ते बहुधा माणसांनी आधी दिलेल्या निकालांवरूनच. जेथे गुरूंचेच एकमत नाही तेथे शिष्य काय करणार? आणि जो तुकडा घेतलाच नाही तो संगणकालाही दिसणार नाही.

मग सामान्य माणसाने यातून काय घ्यावे? सूक्ष्मदर्शकावरचा विश्वास सोडावा काय? मुळीच नाही. आज कर्करोगाविरुद्ध जे काही यश मिळते त्याच्या मुळाशी बहुधा ही काचपट्टीच आहे. घ्यावयाचे ते इतकेच की, अहवाल हे एका जाणत्या माणसाचे विचारपूर्वक दिलेले मत आहे आणि मताला त्याचा पुरावा व त्याच्या मर्यादा असतात. तुकड्याबरोबर रोग्याचे वय, गाठीची जागा, तंबाखूची सवय, आधीचे उपचार हे सारे लिहून गेले पाहिजे. न्यायाधीशाला खटल्याची हकीकत न सांगता निकाल मागू नये. वैद्याचा हात आणि काचेची साक्ष यांत विरोध आला तर कोणाला तरी खोटे ठरवण्याची घाई न करता पुन्हा तुकडा घ्यावा. अवयव काढून टाकण्यासारखा मोठा उपचार ठरत असेल, किंवा अहवालात ‘सीमेवरची’, ‘संशयास्पद’ असे शब्द असतील, तर त्याच काचपट्ट्या दुसऱ्या तज्ज्ञाला दाखवण्यात कोणाचाही अपमान नाही. चांगले विकृतिशास्त्रज्ञ स्वतःच एकमेकांना त्या दाखवीत असतात. म्हणून मेणाचे ठोकळे आणि काचपट्ट्या कोठे आहेत याची चौकशी करून ठेवावी, आणि आपल्याकडे दिल्या तर कागदपत्रांइतक्याच जपाव्या.

आणि शेवटची गोष्ट. अहवाल हातात आला म्हणजे आपली नजर एका शब्दावर जाते आणि बाकीचे वाचणे राहून जाते. बर्लिनच्या दरबारानेही तेच केले होते. ज्या ओळीत तज्ज्ञ आपल्या ज्ञानाची हद्द सांगतो ती ओळ कमकुवतपणाची नसते. बाकीच्या ओळींवर विश्वास ठेवावा असे वाटते ते तिच्यामुळेच. ती ओळ लिहिण्याचे धैर्य वैद्याने ठेवावे, आणि ती वाचण्याचा धीर आपण ठेवावा.